बंद कडांचं सँडविच

नातीचे पुढचे दोन दात एकाच आठवड्यात पडले आणि तिच्या डब्यातून ब्रेडच्या कडा परत यायला लागल्या. ती पहिलीत आहे. न्यू जर्सीत, एडिसनला, मी मुलाकडे दिवाळी आटोपून आले होते आणि सकाळचा डबा आल्या आल्या माझ्याकडे घेतला होता. परत आलेल्या कडा नीट पाहिल्या तर त्यांवर चावल्याच्या खुणा होत्या. म्हणजे पोरीने प्रयत्न केला होता. ब्रेडची कड पुढच्या दातांत धरून ओढून तोडावी लागते, आणि ओढायला दातच नव्हते.

हे आधीच सांगते, कारण कडा काढलेलं सँडविच म्हटलं की आपल्याकडे लगेच ‘फार लाड करता’ असं ऐकावं लागतं. सहा-सात वर्षांच्या मुलाचे पुढचे दात पडतात, नवे पुरते यायला काही महिने जातात, आणि नेमकं त्याच वयात मूल पहिल्यांदा दिवसभर शाळेत एकटं बसून जेवायला शिकत असतं. इथे जेवायला जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. त्यात रांगेने खाली जायचं, जागा धरायची, डबा उघडायचा, मैत्रिणीशी बोलायचं आणि मग खायचं. साधं सँडविच हातात धरलं की वरचा स्लाइस एकीकडे सरकतो, खालचा दुसरीकडे, आणि मधलं सारण टेबलावर. ते गोळा करण्यातच घंटा होते. मला हवं होतं ते असं काहीतरी, जे एका हातात मावेल, शेवटच्या घासापर्यंत उघडणार नाही आणि ज्याला ओढून तोडावं लागणार नाही.

सुनेला यावरचा इथला तयार उपाय माहीत होता. इथल्या दुकानांत फ्रीझरच्या कपाटात ‘अनक्रस्टेबल्स’ नावाची खोकी मिळतात. आत गोल, पांढरी, चहूबाजूंनी दाबून बंद केलेली सँडविचेस, प्रत्येक वेगळ्या वेष्टनात. तिने एक खोकं आणलं. मी त्यातलं एक सुरीने मधोमध कापून दिव्याखाली धरलं. पीनट बटर फक्त एका बाजूला नव्हतं, दोन्ही स्लाइसना आतून लावलेलं होतं, आणि जॅम त्या दोन थरांच्या मध्ये. जॅमचा ब्रेडला स्पर्शच नाही. म्हणून ब्रेड ओला होत नाही. कापल्याशिवाय हे दिसलं नसतं, आणि पुढे मी जे काही केलं ते या एका कापलेल्या सँडविचवरून केलं.

त्याची गोष्ट मुलाने वाचून दाखवली, आणि मला ती फार आवडली. नॉर्थ डकोटा राज्यात फार्गो नावाचं गाव आहे. तिथल्या डेव्हिड गेस्की आणि लेन क्रेचमन या दोघांनी १९९५ मध्ये हे सँडविच शाळांना पुरवण्यासाठी करायला घेतलं. १९९८ मध्ये ओहायोतल्या स्मकर कंपनीने, म्हणजे जॅम-जेलीसाठी घराघरांत माहीत असलेल्या कंपनीने, त्यांचा धंदा विकत घेतला. डिसेंबर १९९९ मध्ये ‘कडा नसलेलं बंद सँडविच’ याचं पेटंटही मिळालं. मग मिशिगनमधल्या अल्बीज नावाच्या एका लहान कंपनीने तसंच सँडविच विकायला काढलं, तेव्हा स्मकरने तिला नोटीस धाडली आणि प्रकरण चिघळलं. स्मकरला पेटंटची व्याप्ती वाढवून हवी होती. पेटंट कार्यालयातल्या परीक्षकाचं म्हणणं असं की कडा दाबून बंद करणं हे रॅव्हिओली (सारण भरलेला इटालियन पास्ता) किंवा ‘पाय’ नावाच्या सारण भरून भाजलेल्या पदार्थाच्या कडा दाबण्यासारखंच आहे, त्यात नवीन काही नाही. एप्रिल २००५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने ते म्हणणं उचलून धरलं. सुनावणीत एका न्यायाधीशांनी सांगितलं होतं की आमच्या घरीसुद्धा बायको मुलाच्या सँडविचच्या कडा दाबून देते, सारण बाहेर येऊ नये म्हणून.

रॅव्हिओली मी खाल्लेली नाही. पण ते ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर करंजी होती. लाटलेली पारी, मध्ये सारण, कडेला दुधाचं बोट, दुमडून दाबायचं, मग मुरड घालायची किंवा कातण फिरवायचं. कड नीट बसली नाही तर करंजी तेलात उकलते, सारण तेलात उतरतं, आणि पुढचा सगळा घाणा काळा पडतो. आमच्या सोसायटीत दिवाळीच्या आधी आम्ही सगळ्याजणी एकत्र बसून करंज्या करतो आणि कडा बंद करायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे असतं. तेव्हा त्या खोक्यातल्या सँडविचकडे मी परक्या देशाची वस्तू म्हणून पाहिलंच नाही. ही कडेची विद्या आहे आणि ती मला येते, असं मला वाटलं.

तयार खोकं शाळेत मात्र नेता येणार नव्हतं. नातीच्या वर्गात शेंगदाणा चालत नाही. एका मुलाला त्याची ॲलर्जी आहे, आणि ती नुसतं अंगावर पुरळ येण्याइतकी नसते. दाण्याच्या कणाने घसा सुजून श्वास बंद होऊ शकतो. मी चाळीशीपर्यंत अशी ॲलर्जी पाहिली नव्हती आणि आमच्या स्वयंपाकात तर दाण्याचा कूट कशात नसतो? काकडीच्या कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, साबुदाण्यात, चटणीत. पण एका आईने आपलं मूल रोज त्या वर्गात विश्वासाने सोडायचं म्हणजे बाकीच्या सगळ्या घरांनी डबा भरताना तिचा विचार केला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. तेव्हा ठरलं: साचा मागवायचा, आणि सारण घरचं.

साचे दोन प्रकारचे आले. सुनेने एक मागवला आणि शेजारणीने तिच्याकडचा वापरून बघायला दिला. शेजारणीचा गोल होता. बाहेर कापायची कडी आणि आत स्प्रिंगचा दट्ट्या. कडी सँडविचवर ठेवून दाबली की गोल कापला जातो, आणि कडी तशीच धरून वरून दट्ट्या दाबला की आतल्या बाजूने कड चेपली जाते. आमचा चौकोनी, दोन सुट्या भागांचा. एका भागाला धारदार कड, दुसऱ्याला बोथट आणि नागमोडी. माहितीच्या कागदावर लिहिलं होतं की आधी कापा, मग दाबा.

चौकोनी साचा मला जास्त पटला, कारण गोल साच्यात चारही कोपऱ्यांचा मऊ ब्रेड वाया जातो. ब्रेडच्या स्लाइसचा आकार चौकोनी, त्याच्यातून गोल काढायचा कशाला? पण कागदावरचा क्रम मी बदलला. करंजी आपण आधी चिकटवतो आणि मग कातणाने जादा पारी काढून टाकतो. उलटं कधीच करत नाही. कारण जादा पारी बाहेर असते तोवर कडेला आधार असतो, दाबलं तरी ती पसरून निसटत नाही. ब्रेडचंही तेच. आधी कापलं तर दाबताना कड बाहेर ढकलली जाते आणि पातळ होऊन फाटते. आधी बोथट भागाने दाबलं, थोडा वेळ अंगाचा भार दिला, आणि मग त्याच्या बाहेरून धारदार भाग बसवून कापलं, की कड जाड आणि एकसंध राहते. सुनेने दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी करून पाहिल्या आणि म्हणाली, “आई, तुमचीच पद्धत बरोबर आहे. ही उलगडतच नाही.”

पण खरं काम साचा करत नाही, ब्रेड करतो. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि ज्यांना हे करायचं आहे त्यांनीही इथेच वेळ द्यावा.

भाजलेल्या ब्रेडच्या वजनात एक तृतीयांशाहून जास्त पाणीच असतं. आतला मऊ भाग म्हणजे शिजलेल्या स्टार्चचा आणि ग्लुटेनचा हवेने फुगलेला स्पंज. तो जोराने दाबला की हवा निघून जाते आणि ओलसर भिंती एकमेकींना चिकटतात. ना पाणी लागतं, ना दूध, ना अंडं. बाहेरची तांबूस कड मात्र भट्टीत कोरडी झालेली असते. ती कितीही दाबा, चिकटायचं नाव घेत नाही. म्हणजे या सँडविचमधून कडा काढतात त्या केवळ मुलांना आवडत नाहीत म्हणून नव्हे. कड ठेवली तर ते बंदच होणार नाही.

ब्रेड चालेल की नाही हे बघायची माझी परीक्षा सोपी आहे. मधला मऊ तुकडा चिमटीत घेऊन जोरात दाबायचा. गोळी होऊन बोटाला धरून राहिली तर ब्रेड चालेल. भुगा होऊन पडला तर नाही. साधा पांढरा सँडविच ब्रेड पाकीट फोडल्याच्या दिवशी उत्तम चिकटतो. इथे पोटॅटो ब्रेड म्हणून बटाट्याचं पीठ घातलेला पिवळसर ब्रेड मिळतो, तो त्याहूनही बरा, कारण बटाट्याचा स्टार्च पाणी धरून ठेवतो. पूर्ण गव्हाच्या ब्रेडने मला दमवलं. त्यातले कोंड्याचे कण कडेच्या मध्ये येतात आणि तिथे फट राहते. सुनेला गव्हाचाच हवा होता, आणि तिचं म्हणणं रास्तच होतं. शेवटी बारीक दळलेल्या पिठाचा, बिया नसलेला, मऊ गव्हाचा ब्रेड ओक ट्री रोडच्या एका दुकानात सापडला. तो ओव्हनच्या बाजूला गरम जागी थोडा वेळ पाकिटातच ठेवून, कोमट असताना दाबला की नीट बंद होतो. ब्रेड कालचा असेल तर मायक्रोवेव्हमध्ये पाच-सात सेकंद पुरतात. त्याहून जास्त नको. गार झाला की चामड होतो.

ब्रेड फ्रिजमध्ये ठेवायचा नाही हेही इथेच सांगते. मी विज्ञान शिकवत असताना मुलांना स्टार्चचं उदाहरण भाताचं द्यायचे: रात्रीचा भात फ्रिजमध्ये ठेवला की सकाळी शितं टणक होतात. ब्रेडमधला शिजलेला स्टार्चही शून्याच्या जरा वरच्या थंडीत सगळ्यात लवकर पुन्हा कडक होतो, म्हणून फ्रिजमधला ब्रेड ओट्यावरच्या ब्रेडपेक्षा लवकर शिळा लागतो. फ्रीझरमध्ये, उणे अठराला, ही क्रिया जवळपास थांबते. तेव्हा एक तर बाहेर, नाही तर थेट फ्रीझरमध्ये.

आता सारण. पहिला नियम करंजीचाच: कडेला सारणाचा कण जाता कामा नये. स्लाइसच्या चारही बाजूंनी बोटभर जागा कोरी सोडायची. विशेषतः तूप, लोणी, बटर कडेला लागलं की ती जागा चिकटतच नाही, कारण ब्रेडच्या दोन ओल्या भिंतींच्या मध्ये स्निग्धाचा पापुद्रा येतो. दुसरा नियम, सारण मध्यभागी उंच आणि बाजूंना उतरतं ठेवायचं. एका सँडविचला कमी वाटलं तरी दीड टेबलस्पूनपेक्षा जास्त घालू नये. दट्ट्याखाली आलेलं जादा सारण कुठून तरी वाट काढतंच.

तिसरा नियम त्या कापलेल्या सँडविचने शिकवला: ओलं सारण ब्रेडला थेट टेकू द्यायचं नाही. खरं तर तो मला आधीपासून माहीत असायला हवा असं कुणी म्हणेल, कारण मुंबईचा सँडविचवाला दुसरं काय करतो? आधी दोन्ही स्लाइसना लोणी, अगदी टोकापर्यंत, मग हिरवी चटणी, मग काकडी-टोमॅटो-बीट-बटाटा. लोण्याचा थर चटणीचं पाणी अडवतो. फरक एवढाच की तो सँडविच हातात देतो आणि गिऱ्हाईक तिथेच उभं राहून खातं, म्हणून लोणी कडेपर्यंत गेलं तरी चालतं, आणि तो कडा कापतोही त्याच वेळी. आपल्याला चार तास टिकवायचं आहे आणि बंदही ठेवायचं आहे, म्हणून लोणी आत, कड कोरडी.

शेंगदाण्याच्या जागी सूर्यफुलाच्या बिया घेतल्या. इथे सूर्यफुलाच्या बियांचं बटर तयार बाटलीत मिळतं, आणि गंमत म्हणजे त्यातलं एक प्रसिद्ध बटर त्याच फार्गो गावात होतं. मी घरीच केलं. बिया मंद आचेवर खरपूस भाजायच्या, कोमट असतानाच मिक्सरला लावायच्या. आधी कूट होतो, मग तो भांड्याच्या कडेला चिकटून बसतो, आणि इथे बहुतेक जण थांबतात. थांबायचं नाही. चमच्याने खाली ओढत, मिक्सर मधूनमधून थंड करत फिरवत राहिलं की तेल सुटतं आणि गोळ्याचं मऊ लोणी होतं. त्यात चिमूटभर मीठ आणि किसलेला गूळ. बियांच्या पाकिटावर मात्र ‘शेंगदाणे हाताळणाऱ्या कारखान्यात भरलेले’ असं लिहिलेलं नाही ना, हे वाचूनच आणायचं. तिळाची चटणी मला घालायची होती, पण अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा नववा मोठा ॲलर्जीचा पदार्थ म्हणून वेष्टनावर लिहावा लागतो, हे सुनेने सांगितलं. म्हणून तिळाचं आणि ओल्या खोबऱ्याचं शाळेच्या नर्सबाईंना आधी विचारलं. त्यांनी खोबऱ्याला हो म्हटलं, तिळाला नको म्हटलं. तीळ राहिला.

सूर्यफुलाचं बटर दोन्ही स्लाइसना आणि मध्ये साखरांबा, हे आमचं पहिलं पक्कं सँडविच. कैरीच्या फोडी बारीक चिरून घ्याव्या लागतात, नाही तर दाबताना फोड ब्रेडला भोक पाडते. गुलकंद आणि क्रीम चीज हेही जमतं, पण ते मोठ्यांना जास्त आवडलं. मुलाने ऑफिसला नेलं.

तिखटाचं काम अवघड होतं. बटाट्याची भाजी ताजी असताना सुरेख लागते, पण तिला फ्रीझर मानवत नाही. बटाटा गोठून वितळला की रवाळ होतो आणि पाणी सोडतो, आणि मग खालचा स्लाइस ओलाकच्च. तेव्हा बटाट्याचं सँडविच आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये आणि सकाळी डब्यात, इतकंच. काकडी, टोमॅटो फ्रीझरमध्ये घालूच नये. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो आणि मेयोनीज फुटून तेल वेगळं होतं. मग मला मटार करंजीचं सारण आठवलं. मटार वाफवून भरड वाटायचा, आलं-मिरचीवर परतायचा, ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू, साखर, आणि पाणी पूर्ण आटेपर्यंत मंद गॅसवर ठेवायचा. हे सारण गोठून वितळलं तरी तसंच राहतं. मिरची कमी घातली. नात हे सँडविच इतकं आवडीने खाते की गुरुवारचा डबा आता तिनेच त्याच्या नावाने लिहून ठेवलेला आहे.

आणि पुरण. होळीला पुरण केलं, पोळ्या झाल्या, वाटीभर पुरण उरलं. पुरणाचं पाणी आटलं आहे की नाही हे आपण त्यात कालथा उभा करून बघतो. कालथा पडला नाही तर पुरण झालं. तेच या सँडविचला हवं असतं. मऊ, घट्ट, ओघळ नसलेलं. दोन्ही स्लाइसना आतून कणभर तूप, कड कोरी सोडून, मध्ये पुरणाचा चपटा गोळा. गोठवून, वितळवून, चार तासांनी खाल्लं तरी ब्रेड कोरडा आणि आत जायफळाचा वास तसाच. पुरणपोळीची चव वेगळी, तिच्याशी याची बरोबरी मी लावणार नाही. पण सणाचं पुरण शाळेच्या टेबलावर पोचलं याचा मला मनापासून आनंद झाला. लेकीला पुण्याला फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन, “आई, कडा काय सुंदर आल्यात!”

करायची वेळ रविवार दुपार. एकदाच बसलं की आठवड्याचं होतं. स्लाइसच्या जोड्या पाकिटातल्या क्रमानेच लावायच्या, कारण शेजारचे दोन स्लाइस आकाराने तंतोतंत जुळतात; वरचा एक आणि खालचा एक असे घेतले तर कड कुठे तरी चुकते. खाली लाकडी किंवा प्लास्टिकचा सपाट पाट. संगमरवरी ओटा गार असतो आणि त्यावर ब्रेड घट्ट होतो असा माझा अनुभव आहे. दाबताना हात सरळ, खांद्यातून भार. नात स्टुलावर उभी राहून दोन्ही तळव्यांनी दाबते आणि मी तिच्या हातांवर हात ठेवते. तिच्या एकटीच्या वजनाने कड अर्धवट बसते.

बंद झालेली सँडविचेस ताटात एकेक सुटी मांडून फ्रीझरमध्ये ठेवायची. दोन तासांत टणक झाली की मग प्रत्येक कागदात गुंडाळून पिशवीत भरायची, पिशवीतली हवा काढायची आणि तारीख लिहायची. ओली असतानाच एकावर एक रचली तर वरच्याच्या भाराने खालच्याची कड सुटते. महिन्याच्या आत संपवावीत. सकाळी फ्रीझरमधून थेट डब्यात. साडेअकराला ती वितळलेली आणि मऊ असतात. डब्यात खाली कागदी रुमाल ठेवायचा, कारण वितळताना बाहेरचं बाष्प बर्फाळ ब्रेडवर जमून खालची बाजू ओलसर होते. मटार, पनीर, बटाटा, अंडं असं काहीही असलं की डब्याच्या पिशवीत बर्फाची थैली हवीच. असं अन्न चार अंश सेल्सियसच्या वर दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये, असं इथे सगळीकडे सांगतात आणि ते बरोबर आहे. साखरांब्याला आणि सूर्यफुलाच्या बटरला ती भीती नाही.

दोन आठवड्यांत डबा रिकामा यायला लागला. रिकामा म्हणजे पुसलेला. मी तिला रोज विचारायची नाही, खाल्लंस का म्हणून. डबा उघडून बघायची. एक दिवस तीच म्हणाली, “आजी, आज माझं सगळ्यात आधी संपलं, मग मी खेळायला गेले.” जेवणानंतर उरलेल्या वेळात मुलांना मैदानावर सोडतात. तिला तोवर तो वेळ कधी मिळालेला नव्हता.

कडांचं काय केलं, हे सगळ्याजणी विचारतात. टाकल्या नाहीत. दहा स्लाइसच्या कडा आणि कोपरे मिळून मोठी परात भरते. त्यातल्या अर्ध्या कडा ओव्हनमध्ये मंद तापमानावर कडक वाळवून मिक्सरला फिरवल्या की कटलेटला लावायला चुरा होतो, विकतच्या ब्रेडक्रम्सपेक्षा खमंग. उरलेल्यांचा कुस्करा. तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, हिरवी मिरची, भरपूर कांदा. कांदा मऊ झाला की हाताने तोडलेल्या कडा घालून वर दह्याच्या निवळीचा हबका मारायचा आणि झाकण ठेवून एक वाफ. कडा कोरड्या असल्यामुळे त्या लगदा होत नाहीत, फोडणी पिऊन मोकळ्या राहतात. नुसत्या मऊ ब्रेडचा कुस्करा असा होत नाही. तो पदार्थ माझा आणि मुलाचा रविवार संध्याकाळचा. त्यात दाणे घालतो, घरी चालतात.

पुण्याहून बहिणीने विचारलं की साचा नसेल तर काय करायचं. साच्यावाचून होतं. घरात दोन स्टीलच्या वाट्या हव्यात, एक जाड वळलेल्या काठाची आणि एक तिच्याहून जरा मोठी, पातळ काठाची. सारण भरलेल्या सँडविचवर आधी जाड काठाची वाटी पालथी घालून तळव्याने दाबायची, दाबलेली धरूनच थोडी फिरवायची. मग ती उचलून मोठी पातळ काठाची वाटी त्याच वर्तुळाच्या बाहेरून बसवायची आणि एका झटक्यात कापायचं. शेवटी काट्याच्या टोकांनी कड सगळीकडून एकदा चेपून घ्यायची. एकट्या पातळ काठाच्या वाटीने हे करू नये. ब्रेड चिकटायच्या आधीच ती तो कापून मोकळी होते.